गार बाजू

शर्यतीच्या शिडाच्या होडीवर स्वतःचा असा बिछाना कुणालाच नसतो. दोघांत एक. मी वर दोऱ्या ओढत असलो की माझा जोडीदार, धंद्याने सुतार, माझ्या जागी झोपायचा. पाळी बदलली की तो वर आणि मी त्याच्या उबेत. होडी हलकी हवी, म्हणून बिछानेही निम्मेच. सुरुवातीला किळस येते. पुढे त्या आयत्या उबेसाठी माणूस जीव टाकतो.

बिछाना म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर ताणलेलं कापड. एका अंगाला अरुंद वाट, दुसऱ्या अंगाला होडीची बोटभर जाडीची भिंत. तिच्यापलीकडे समुद्र.

मला सगळे मास्तर म्हणत. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं. बायको वारली, घरात करमेना, म्हणून या शर्यतीत नाव घातलं. थंडीत मी वह्या तपासत बसलो की ती आधी माझ्या बाजूला आडवी व्हायची. मी आलो की अर्धवट झोपेत "आलात?" म्हणायची आणि पलीकडे सरकायची.

"तुझी बाजू गार असेल ना गं?"

"मला चालते."

ती गेल्यापासून दोन्ही बाजू गारच होत्या.

मधल्या बंदरात सुताराचा हात मोडला आणि तो उतरला. बिछाना माझ्या एकट्याचा झाला.

"चैन आहे, मास्तर," आचारी म्हणाला. "पसरा आता ऐसपैस. फक्त गारठ्याचं तुमचं तुम्ही बघा."

आम्ही थंड पाण्यात शिरलो होतो. श्वासाची वाफ दिसायची, भिंती आतून घामेजून थेंब गळायचे. एका सकाळी पाळी संपवून खाली आलो, ओले बूट काढले आणि झोपायच्या पिशवीत पाय घातले.

पिशवी गरम होती.

"माझ्या जागी कोण झोपलं होतं?" मी आचाऱ्याला विचारलं.

"कोण झोपणार? तुमच्या पाळीचे तुम्ही सगळे वर होतात, बाकीचे आपापल्या जागी." तो भांड्यात डाव फिरवायचा थांबला. "गरम लागली? मग तक्रार कसली करता!" पण माझ्याकडे न बघताच तो पुन्हा ढवळू लागला.

उष्णता कुठून तरी यावी लागते, हे मी लहान मुलांना हात चोळायला लावून शिकवलं आहे. इंजिन पाहिलं, तारा चाचपल्या. सगळं दूर, मागच्या टोकाला. दुसऱ्या दिवशीही पिशवी गरम. उशीत खळगा होता, माझ्या डोक्याला लहान पडेल असा.

मग मी शोधणं सोडून दिलं. पाळी कधी संपते याचीच वाट पाहू लागलो.

"मास्तर, तुमचा एक पाय हल्ली खालीच असतो," कप्तानबाई म्हणाल्या.

एका दुपारी वारा फिरला. होडी दुसऱ्या कुशीवर कलणार होती. अशा वेळी झोपणाऱ्यांनीही वर उचलल्या गेलेल्या बाजूला जायचं असतं, तेवढाच वजनाचा तोल.

"मी इथंच झोपलो तर नाही का चालणार?"

"आता तोल म्हणजे काय, ते मी तुम्हाला शिकवू?" त्या हसल्या. मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाल्या, "शर्यत आहे, मास्तर."

निघण्याआधी जुन्या बिछान्यावर हात ठेवून पाहिला. गार. पिशवी उचलून समोरच्या बिछान्यावर गेलो. तिथंही गार. दुसऱ्यांदा एकटा पडल्यासारखा मी वाटेकडे तोंड करून पडून राहिलो.

पाठीला ऊब लागली.

वळलो. भिंतीवर सगळीकडे थेंब होते. फक्त माझ्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग कोरडा होता. तळहात टेकवला. गरम.

पलीकडून लाटांचे फटके ऐकू येत होते.

"तुझी बाजू गार असेल ना गं?" मी विचारलं.

मी आणखी जवळ सरकलो, भिंतीला अंग टेकलं.

मला जागा व्हावी म्हणून भिंत जराशी पलीकडे सरकली.