खुलाशाचा रकाना

ऋतिक, तो मोबाईल आधी उपडा ठेव. मग सांगतो.

सोमवारी तू खोपोलीच्या कंपनीत कंप्युटरवाला म्हणून लागतोयस. कोण नेटवर काय बघतं, किती वेळ बघतं, सगळं तुझ्या स्क्रीनवर दिसणार, म्हणून तुझी आई वाडीभर पेढे वाटत फिरतेय. वाटू दे, मी पण दोन खाल्ले. पण त्या खुर्चीत बसायच्या आधी झुहेबचं काय झालं ते ऐकून जा. झुहेब म्हणजे आपल्या शकिलाभाभीचा मुलगा, आता कशेळ्याच्या नाक्यावर लोकांचे फॉर्म भरून देतो तोच. त्यानं हे मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि त्या रात्री त्याला सोडायला-आणायला माझीच जीप होती. तेव्हा यात पदरचं मीठ घातलेलं नाय.

गेल्या साली नोव्हेंबरची एकवीस तारीख. शुक्रवार. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेलेली. म्हणशील, काका, अमावास्येलाच का नाय? तर बाबा, त्याला काय पंचांग बघून यायचं असतं?

काम साधं होतं. एक कागद छापून आणायचा.

खालापूरच्या आत ती कंपनी. औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवते. वर ऑफिस, खाली स्टोअर. झुहेबकडं ऑफिसचं सगळं नेट. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता त्यानं साहेबाला एक तक्ता द्यायचा: कुठल्या कंप्युटरवर कोण बसतं, काय बघितलं, किती मिनिटं. आणि शेवटचा रकाना खुलाशाचा. म्हणजे त्या माणसाला बोलवायचं, बाबा रे हे का बघितलंस म्हणून विचारायचं, आणि तो काय म्हणतो ते त्याच्याच हातानं तिथं लिहून घ्यायचं. कंपनीचा नियमच तसा. पण शनिवारी तक्ता द्यायची घाई, साहेब नुसती नावं नि मिनिटं बघणार, मग झुहेबला सवय लागली. कोणाला विचारायचाच नाय. आपणच टाइप करून टाकायचा, ‘खुलासा नाही’. काम झालं.

त्याच सवयीत दोन वर्षांपूर्वी मालोजी गेला.

मालोजी स्टोअरवाला. चौक गावचा. आला माल मोजून घ्यायचा आणि चलनावर लाल पेन्सिलीनं तिरकं लिहायचा, ‘मिळाले’. खाली वेळ, खाली ‘मा.’ शाईचं पेन कधी वापरलं नाय त्यानं. कानावर ती लाल पेन्सिल चोवीस तास. एका महिन्याच्या तक्त्यांत मिळून त्याच्या कंप्युटरवर एकवीस तास निघाले. रेशनकार्ड, पोरांची स्कॉलरशिप, दवाखान्याचे रिपोर्ट, लाइटबिल, काय वाट्टेल ते. साहेब म्हणाला, हा माणूस कंपनीच्या पैशावर दुकान चालवतो काय? खुलाशाच्या रकान्यात झुहेबनं ‘नाही’ लिहिलेलंच होतं. मालोजीला त्याच संध्याकाळी कायमचा घरी पाठवला. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती त्याची.

मग तो कर्जतकडं एका फार्महाऊसवर रात्रीची राखण करायला लागला. दीड महिन्यात गेला. सकाळी माळी आला, तर हा खुर्चीत बसलेला, तोंड फाटकाकडं. पेन्सिल कानावर तशीच.

मौतीला झुहेब गेला होता. तिथं इंदूबाईनं त्याला बाजूला घेतला. ही कंपनीत पॅकिंगला, ठेकेदाराच्या माणसांत, ठाकुरवाडीकडची. म्हणाली, “दादा, ते समदं आमचं होतं. आमाला मोबाईल आत न्यायला देत नाय, हापिसात पाय ठेवायला देत नाय. चा प्यायच्या सुट्टीत आमी स्टोअरच्या खिडकीतनं चिठ्ठ्या द्यायचो. मालोजीकाका बघून सांगायचे. आमची नावं घेतली असती तर ठेकेदारानं आमाला हाकललं असतं. पर दादा, त्यांना एकदा इचारायचं तरी.”

झुहेब घरी आला आणि गप्प बसला. साहेबाला सांगितलं असतं तर आपणच खोटा तक्ता दिला हे उघड झालं असतं. नोकरी होती, आई होती. मी त्याला वाईट म्हणत नाय. पण घाबरला तो, आणि त्याचं त्याला खात होतं.

आता मालोजीच्या जागी नम्रता आली. आपल्या जयवंताची पोर, तू बघितलीयस. दीड वर्ष हंगामी राबली, एक डिसेंबरला कायम होणार होती. आणि नोव्हेंबरात तक्त्यात तिचं नाव यायला लागलं. स्टोअरचा कंप्युटर, रोज रात्री आठ ते आठ-चाळीस. रेशनकार्ड. स्कॉलरशिप. दवाखाना. कंपनी सहाला बंद, रात्रपाळी नाय, पोर साडेसहाला माझ्याच जीपनं कशेळ्याला निघायची. साहेब म्हणाला, म्हणजे हिनं पासवर्ड बाहेर कोणाला तरी दिलाय. उद्या नऊला तक्ता टेबलावर पाहिजे, दहाला तिला काढतो.

हे सगळं झुहेब मला जीपमध्ये सांगत होता, खिडकीबाहेर बघत. मी म्हटलं, “अरे पण पोरीला विचारलंस का?” तर म्हणतो, “काका, विचारून काय होतंय. स्क्रीन खोटं बोलत नाही.” मला गाडीतलं कळतं, कंप्युटरमधलं नाय कळत.

पावणेआठला त्याला फाटकावर सोडला. धाऊ वॉचमननं दार उघडलं. मी डिझेल भरायला खोपोलीला गेलो, नऊला येतो म्हणून. पुढचं झुहेबनं सांगितलेलं.

वर ऑफिसात तो एकटा. एक ट्यूब लावली, बाकी अंधार. तक्ता उघडला. नाव लिहिलं, नम्रता. दिवस लिहिले, मिनिटं लिहिली. शेवटच्या रकान्यात आला. बोटांना सवयच होती, त्यांनी आपोआप टाइप केलं, ‘खुलासा नाही’.

छापायच्या आधी त्यानं सहज दुसऱ्या स्क्रीनकडं बघितलं. तिथं सगळे कंप्युटर ओळीनं दिसायचे. सगळे बंद. घड्याळात आठ वाजले.

एक ओळ हिरवी झाली.

स्टोअर.

त्याला आधी बरंच वाटलं. सापडला चोर, म्हणाला. ओळीपुढं पानं उघडायला लागली. रेशनकार्ड. मग थोडं थांबून स्कॉलरशिप. मग दवाखाना. मध्ये मध्ये थांबायचं. जसं कोणी चिठ्ठी वाचतंय, खिडकीत उभ्या असलेल्या बाईला नाव परत विचारतंय, आणि मग टाइप करतंय.

झुहेबनं चावी घेतली, बॅटरी घेतली, आणि खाली गेला.

स्टोअरला कुलूप तसंच. तो आधी त्या छोट्या खिडकीशी गेला आणि काचेतून बॅटरी मारली. आत बुचांच्या गोण्या. टेबल. कंप्युटरची स्क्रीन काळी. कोणी नाय.

खुर्ची मात्र खिडकीकडं फिरवलेली होती. त्याच्याकडंच तोंड करून.

त्यानं कुलूप काढलं. आत गेला. कंप्युटरला हात लावला. थंडगार. बटण बंद. तरी त्यानं लाइटची पिन उपटली. नेटची वायर पण उपटली. दोन्ही हातात धरून उभा राहिला, उगाच, मिनिटभर. आता काय चालतंय बघू, असं मोठ्यानं म्हणाला. आपलाच आवाज त्याला नको वाटला.

वर आला.

ओळ हिरवीच होती.

रेशनकार्ड... स्कॉलरशिप...

वायर खाली जमिनीवर पडलेली. त्यानं स्वतः काढलेली. आणि इथं पानं उघडत होती.

भीती वाटली की म्हणायची ती कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागला, तर मध्येच शब्द विसरला. लहानपणापासून पाठ असलेली.

मग पानं उघडायची थांबली.

ओळ हिरवी. पण पान नाय.

कोणीतरी नुसतं बसलंय. बघतंय.

...

आणि कोपऱ्यातला प्रिंटर सुरू झाला.

झुहेबनं छापायचं बटण दाबलंच नव्हतं. एक कागद बाहेर आला. हळू. त्याला वाटलं नम्रताचाच तक्ता असेल, चुकून हात लागला असेल. उचलला. तक्ता त्याचाच होता, त्याच रेघा, तेच रकाने. नाव वेगळं होतं.

नाव: झुहेब.

७.४८ – तक्ता उघडला.
७.५३ – नम्रताचे नाव लिहिले.
७.५८ – ‘खुलासा नाही’ लिहिले.
८.०५ – खाली आला.
८.०७ – खिडकीशी उभा.
८.११ – वायर काढली.
८.१९ – हा कागद वाचत आहे.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

आठ एकोणीस.

शेवटचा रकाना खुलाशाचा. तो कोरा होता.

खाली स्टोअरमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लोखंडी पाय फरशीवर. एकदा. मग काही नाय.

मग जिना... नाय, जिन्यावर काही वाजलं नाय, तो म्हणतो. पण त्याला कळलं, जिन्याच्या दाराशी कोणीतरी थांबलंय. ऑफिसात यायचं नाय, परवानगी नाय, म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहावं, तसं. त्यानं मान वर केली नाय. कागद हातात. आणि कोणी काही बोलत नाय. कोणी काही मागत नाय. नुसती वाट बघतंय.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाय.

मग त्यानं मोबाईल काढला आणि नम्रताला फोन लावला.

“नम्रता, मी झुहेब. काल रात्री आठ वाजता तू कुठे होतीस?”

“घरी, झुहेबदादा. भाकऱ्या थापत होते. आई हाय ना, तिला विचारा. का?”

“तुझा पासवर्ड कोणाला दिलायस?”

“नाय. कोणालाच नाय दिला.” आणि मग म्हणाली, “दादा, एक सांगू? रोज सकाळी मी येते तर माझी खुर्ची खिडकीकडं फिरवलेली असते. मला वाटायचं, तुमीच रात्री तपासायला येता.”

झुहेबची नजर हातातल्या कागदावर गेली.

“दादा, मला काढणार हायत ना? खाली सगळी बोलतायत.” पोरीचा आवाज फाटला. “तुमी विचारलंत तरी. नायतर तुमी काय लिहिता ते सगळ्यांना ठाऊक हाय.”

फोन ठेवला. रडत होता तो, हे मला त्यानंच सांगितलं, लपवलं नाय. पेन घेतलं. त्या कोऱ्या रकान्यात, स्वतःच्या नावापुढं, स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘मालोजींना मी विचारलं नव्हतं. ‘नाही’ मी लिहिलं होतं. त्यांच्या कंप्युटरवरचं सगळं काम दुसऱ्या गरजूंचं होतं, हे मला नंतर कळलं आणि मी लपवलं. नम्रतालाही विचारलं नव्हतं. आज विचारलं. तिचा दोष नाही.’ बायांची नावं त्यानं पण घेतली नाय. खाली सही केली, निळ्या पेनानं. कागदाची चौघडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

मग स्क्रीनकडं बघितलं.

हिरवी ओळ विझली. आठ चाळीस.

मी नऊला पोचलो तेव्हा तो फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होता. नोव्हेंबरची थंडी, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. एक हात खिशावर दाबून धरलेला. कशेळ्यापर्यंत तो हात काढला नाय. मी विचारलं, काय रं, छातीत दुखतंय का? मान हलवली नुसती. शकिलाभाभी म्हणते, त्या रात्री तो त्याच शर्टात झोपला, हात तसाच खिशावर. मधूनमधून तीच उठून बघत होती.

सकाळी नऊला तो साहेबासमोर उभा राहिला. तोच शर्ट. बटण काढलं, कागद तसाच घडीचा घडी टेबलावर ठेवला. म्हणाला, नम्रताचा तक्ता नाही, हा माझा आहे.

साहेबानं घडी उलगडली. वाचलं. परत वाचलं. नम्रताला काढायचा कागद सही करून तयार ठेवला होता, तो त्यानं आडवा फाडला. एक तारखेला ती कायम झाली, आज पण हाय तिथंच. झुहेबला मात्र म्हणाला, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडं बघ. झुहेब म्हणतो, साहेबाचं बरोबरच होतं.

तो दाराकडं वळला तेव्हा साहेबानं परत हाक मारली. कागद अजून त्याच्या हातातच होता.

“झुहेब, तुझ्या सहीखाली हे कोणी लिहिलंय?”

झुहेबनं वाकून बघितलं.

निळ्या सहीच्या खाली. लाल पेन्सिलीनं. तिरकं.

मिळाले.
८.४०
मा.