मधोमध ठेवलेले राजे

बुद्धिबळ स्पर्धेतल्या पहिल्या बक्षिसाचा मानकरी हॉलमागच्या खोलीत पालथा पडला होता. त्याचं डोकं त्याच्याच चषकाने फोडलं होतं, तेही एकदा नव्हे, चारदा. रक्त भिंतीपर्यंत उडालं होतं.

दुसऱ्या बक्षिसाचा मानकरी फौजदारांच्या ताब्यात होता. शेवटचा डाव तो पहिल्याकडूनच हरला होता आणि त्याचा शर्ट रक्ताने माखला होता. फौजदारांना एवढं पुरे होतं.

"त्याला मी वाढवलंय, बाई," त्याची थोरली बहीण म्हणाली. "बेड्या पडल्या तर तो जगायचा नाही."

बाई खाजगी तपास करत. शेजारच्याच गल्लीत राहत असल्याने लगेच आल्या. सोबत भाऊजी, निवृत्त ड्रिल मास्तर. मनगट लोखंडी, डोकं आपलं बेताचं.

प्रेताशेजारच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट होता. सोंगट्या जागच्या जागी लावलेल्या, फक्त दोन्ही राजे मधोमध. बाईंनी एक प्यादं उचललं. खाली रक्त होतं.

"रक्त सगळीकडेच आहे," भाऊजी तोंड फिरवून म्हणाले.

दुसऱ्या बक्षिसवाल्याने बाईंपुढे हात जोडले. "तो म्हणाला, मागच्या खोलीत डाव पुन्हा मांडून ठेवतो, ये. म्हणाला, चषक माझा नाही, तुझा आहे, हे सगळ्यांना सांगणार आहे. मी गेलो, तर... उचलायला गेलो हो त्याला!"

तिसऱ्या बक्षिसाचा मानकरी दातांचा डॉक्टर. खुनाच्या वेळी सहा जणांबरोबर चहा पीत होता. "डाव संपला की सोंगट्या टाकून आम्ही पळतो. पंच तीस वर्षं मागून लावत बसतात. राजे मधोमध ठेवायचे, ही त्यांची खूण, निकाल वहीत चढल्याची. आज खोकलेही फार. जावयाच्याच पटापाशी."

"जावई?"

"पहिला. पंचांचा जावई तो."

हॉलमध्ये उकाड्याने जीव जात होता. पंचांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. "त्या खोलीत मी पाऊलही टाकलं नाही," ते म्हणाले, आणि बोलता बोलता समोरचा विस्कटलेला पट लावूनही टाकला.

बाईंनी सगळ्यांना तिथेच थांबवलं.

"डाव मांडला होता, म्हणजे सोंगट्या पटभर होत्या. मग त्या जागच्या जागी कशा? आणि खाली रक्त, म्हणजे खून झाल्यावर लावल्या. मारेकरी पळतो. पट आवरत कोण बसतं?"

"येडा असेल," भाऊजी म्हणाले.

"तीस वर्षांची सवय असलेला. पंच, खोकून खोकून तुम्ही जावयाला चाली सुचवल्यात. त्याला ते सहन होईना. तो बोलला असता तर तुमची अब्रू गेली असती. त्याला मारलंत, आणि हात आपोआप पटाकडे गेले. राजेसुद्धा मधोमध ठेवलेत. फौजदार, कोट काढा यांचा."

पंचांनी डावाचं घड्याळ उचलून बाईंच्या डोक्यावर हाणलं. नेम चुकला, पण कान फाटला. भाऊजींनी त्यांचा हात पिरगाळला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. बटणं तुटली. आतला पांढरा शर्ट लालभडक होता.

"गप्प बस म्हटलं होतं त्याला," पंच कण्हत म्हणाले. "चारदा म्हटलं."

बहिणीने भावाला कवेत घेतलं आणि दोघं हमसून रडली. बाई कानाला रुमाल लावून बसल्या. त्यांना आनंद झाला नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं. पंचांची मुलगी नवी साडी नेसून, कॅमेरा घेऊन आली होती.

"उशीर झाला का? बाबा, हे कुठेत?"