पंधरावी काठी

मुलांनो, जरा कल्पना करा... तुम्ही दाराआड उभे आहात. आत तुमचे वडील मान खाली घालून बोलणी खात आहेत, आणि ज्या चुकीसाठी खात आहेत ती त्यांची नाहीच! ती तुमची आहे. त्यांना ते ठाऊक आहे, आणि तरीही ते गप्प आहेत... केलीत कल्पना? मग चला माझ्याबरोबर जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्ग गावातल्या एका घरात. रविवारची दुपार आहे, जेवणं झाली आहेत, पण मोठ्यांपैकी टेबलावरून कुणी उठलेलं नाही.

बोलणी खाणाऱ्याचं नाव यॉरिस. हॉलंडमध्ये जन्मलेला, एक्केचाळीस वर्षांचा, त्यातली एकोणीस वर्षं पोटासाठी गोल्फ खेळलेला. तरुणपणी स्पेनमध्ये एक मोठी स्पर्धा जिंकला, आणि मग पाठीचं दुखणं, लहान लहान स्पर्धा, परक्या गावांतली हॉटेलं, हरून घरी परतणं... असं वर्षामागून वर्ष. यंदा त्यानं बायकोला, सुमेधाला, शब्द दिला होता की पुढच्या मोसमाचं कार्ड, म्हणजे मोठ्या स्पर्धांत खेळायचा हक्क, मिळाला नाही तर खेळ कायमचा सोडायचा.

काल शेवटची फेरी झाली. तीन फटक्यांनी कार्ड हुकलं. आणि दंड झाला होता चार फटक्यांचा!

गोल्फमध्ये खेळाडूच्या पिशवीत चौदाच काठ्या चालतात; जास्त निघाली तर खड्ड्यामागे दोन फटके दंड. यॉरिसनं त्या आदल्या संध्याकाळी मोजल्या होत्या, सकाळी नाही. दुसऱ्या खड्ड्यापाशी टॉवेल काढताना हाताला पंधरावी लागली. अगदी छोटी, मुठीवर ‘केया’ असं नाव चिकटवलेली. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीची! त्याला क्षणात उमगलं. सकाळी निघताना सुमेधानं त्याच्या तळहातावर दही ठेवलं, तेव्हा केया पिशवीपाशी घुटमळत होती. आईनं शुभ म्हणून दही दिलं, आणि लेकीनं आपल्याजवळचं सगळ्यात लाडकं...

कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्यानं स्वतःच हात वर करून पंचांना बोलावलं. आणि घरी आल्यावर एवढंच सांगितलं, “एक काठी जास्त झाली. मोजायला चुकलो.”

“जावईबापू,” सासरे राजाभाऊ म्हणाले, “चाळीस वर्षं लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात रसायनं मोजली मी. थेंब इकडचा तिकडे नाही! आणि तुम्हाला चौदा काठ्या मोजता येईनात? आमच्या वेळी बालवाडीतली पोरं वीसपर्यंत मोजायची हो!”

“गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा,” यॉरिस थकल्या आवाजात म्हणाला. “मला येईनात.”

“थट्टा करतोस?” सुमेधा उसळली. “बारा वर्षं, यॉरिस! केया झाली तेव्हा तू पोर्तुगालला. आई गेली तेव्हा तू विमानतळावर. मी कधी चकार शब्द काढला? आणि आमच्यासाठी तुला एकदा पिशवीत डोकावून बघता आलं नाही? एवढीच का रे आमची किंमत!”

यॉरिसचं अंतःकरण पिळवटून निघालं. एक वाक्य... एकच वाक्य बोललं की तो तिच्या नजरेत निर्दोष ठरणार होता. पण मग ती चिमुरडी जन्मभर मनात काय घेऊन वावरेल? माझ्यामुळे पापाचा खेळ संपला, हेच ना? नको, नको! त्यानं ओठ घट्ट मिटले.

“दास वार इश!”

दारात केया उभी होती, पांढरीफटक पडलेली. “मी! मी ठेवली ती काठी. पापा जिंकावा म्हणून... आणि पापाला माहितेय, तिच्यावर माझं नाव आहे!”

सुमेधा नवऱ्याकडे बघतच राहिली. “हे खरं आहे?”

“पिशवी माझी. मोजायचं काम माझं. नियम तसाच आहे.”

“नियम नको सांगूस मला! बोलला का नाहीस? मी इतकं टोचून बोलले... इतकं!” तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.

“ती लहान आहे, सुमेधा. आणि... आल्झो, म्हणजे... मी खूप दमलोय गं. दोन वर्षं झाली. थांबायचं कसं, तेच कळत नव्हतं.”

सुमेधानं उठून त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. किती दिवसांनी!

त्यानं केयाला जवळ ओढलं. “बाळा, तू दिलंस ते चुकीच्या जागी ठेवलंस, इतकंच. देण्यात चूक नव्हती. आणि मी सकाळी मोजलं नाही, ती चूक मात्र माझीच.”

राजाभाऊ चष्मा काढून उगाचच पुसत बसले होते. कुणाकडेही बघत नव्हते.

आणि मग केयानं काय केलं, माहीत आहे? तिनं डोळे पुसले, टेबलाला वळसा घालून ती आजोबांपाशी गेली, आणि त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

“अगं, कुठे नेतेस मला?”

“मी पापाला सॉरी म्हणायला चाललेय, आजोबा. तुम्हीपण चला.”