नांदती घरटी : सात

देवराईतल्या बेहड्याच्या झाडाला चिकटवलेलं श्रवणपान, म्हणजे आवाज टिपणारं यंत्र, दिसायला साधं, झाडाच्याच पानासारखं. पण त्याचे कान भलते तिखट. धनेश पक्षी उडताना पंखांचा मोठा आवाज होतो. त्यावरून कुठला पक्षी कुठल्या ढोलीशी आला, हे ते अचूक टिपायचं. वनखात्यासाठी मोजणी करणाऱ्या मैथिली गुरवने एकेका ढोलीच्या नावावरच्या फेऱ्यांची बेरीज करायची आणि महिन्यात ती तीनशेच्या वर गेली, की ते घरटं नांदतं धरायचं. अशी निदान सात वेगवेगळी घरटी निघाली तरच देवराई राखीव राहणार होती. नाहीतर तिथून रस्ता जाणार होता.

यंदा बरोबर सात निघाली. गावाने पेढेसुद्धा वाटून टाकले.

पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मैथिलीला चैन कुठली! लांब काठीला कॅमेरा बांधून तिने तो चार नंबरच्या ढोलीत घातला. अंड्यांवर बसलेली मादी ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो. इथे तोंड सताड उघडं होतं. आत ना मादी, ना पिल्लू. नुसता कुजक्या उंबरांचा ढीग. आणि यादीत तीनशे चाळीस फेऱ्या.

तिने वनखात्याच्या कार्यालयात तिच्या साहेबांना, पेठेसरांना फोन लावला.

"सर, चार नंबर रिकामी आहे. नर एकटाच येतोय."

"फेऱ्या भरल्यात ना? मग सातच. अट फेऱ्यांची आहे बाई, बायकोची नाही."

मैथिलीला हसू फुटलं आणि पाठोपाठ नवरा आठवला. चेतनचं जहाज बेपत्ता होऊन दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी ती त्याचा नंबर फिरवायची आणि फोन बंद असल्याचा निरोप शेवटपर्यंत ऐकायची. तो तिला अजून हवा होता, अगदी पहिल्याइतकाच.

एवढ्यात पंखांचा आवाज झाला. नराने चोचीतलं उंबर ढोलीच्या तोंडाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग आत टाकलं आणि तो गेला.

"मैथिली, काय लिहितेस?" सरांनी विचारलं.

खरं लिहावं तर सहा. मग हे झाड पडणार. उद्या तो उंबर घेऊन कुठे येईल?

"सात," ती म्हणाली आणि तिने यादी पाठवून दिली. पण हे सातवं घर तिने देवराईसाठी मोजलं, त्या पक्ष्यासाठी, की स्वतःसाठी?