शेवटच्या फिल्मवरची बोटं

कुणाला पटो न पटो, पण तेव्हा माझे स्वतःचे हात तिथे होते. म्हणून सांगते.

भर दुपार होती. दवाखान्याच्या तळघरातली एक्स-रेची खोली. फिल्म धुण्याच्या पाण्याचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे.

माझी धाकटी बहीण, आमची चिमणी, झोपाळ्यावरून हनुवटीवर पडली होती. जखम भरली, पण जबडा आखडत गेला. दातांच्या फटीतून दूध जायचं, तेवढंच. पोर वाळून काटकी झाली होती.

तेव्हा जबड्याच्या सांध्याचे दोन फोटो काढत. एक तोंड मिटून, एक उघडून.

"राणीसाहेब, आऽ करा," एक्स-रेवाले काका म्हणाले.

"होत नाही," ती दातांआडून म्हणाली. "ताईला सांगा. तिचं बंदच होत नाही."

सगळे हसलो.

फिल्म धुऊन आली... आणि काकांचं हसू मावळलं.

मिटलेल्या तोंडाचा फोटो ठीक होता. दुसऱ्यात जबडा सताड उघडा.

"अदलाबदल झाली असेल," म्हणत त्यांनी पुन्हा काढला.

पुन्हा तेच. किडकी दाढही तिचीच.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "बाई, सांधा मोकळा आहे. मुलगी हट्ट करतेय. ऑपरेशन कशाचं करू?"

आईने त्यांचे पायच धरले. "अहो, चमचा जात नाही तोंडात! फोटो काय बघताय, पोरीकडे बघा ना!"

"बरं. शेवटचा एक काढा."

या वेळी शिशाचा एप्रन घालून मी तिचं डोकं धरलं. दोन्ही तळवे कपाळावर. खोलीत आम्ही दोघीच. काका काचेमागे.

"हलू नका..."

कट्...

आवाज तिच्या कानाजवळून आला. दात मात्र घट्ट मिटलेले. मी बघत होते.

फिल्म आली.

जबडा उघडा. कपाळावर माझ्या बोटांची हाडं.

आणि हनुवटीवर... आणखी बोटं. खाली ओढणारी.

डॉक्टरांनी फिल्म टेबलावर पालथी ठेवली. मग म्हणाले, "उद्या सकाळी ऑपरेशन."

सांध्यात हाड जुळून दगड झालं होतं. ते कापलं. चिमणी जेवली. आई भिंतीकडे तोंड करून रडली.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या एकत्र राहतो. दुपारी चिमणीचा डोळा लागला की तोंड उघडं पडतं. या वयात सगळ्यांचंच पडतं, अशी मी मनाची समजूत घालते. हनुवटीला हात लावून मिटवायला जाते...

मिटत नाही.

काल ती जागी झाली. कळवळून म्हणाली, "ताई, सोड ना गं... किती खाली ओढतेस?"

मी तर वर ढकलत होते.