रिकाम्या गाडीचं वजन

ब्रेकच्या कामात विजयकुमारचा हात धरणारा वारंगा फाट्यावर दुसरा कुणी नव्हता. पन्नाशी उलटलेली, त्यातली तीस वर्षं ट्रकांच्या पोटाखाली गेलेली. शिरड शहापूरच्या सोमेश्वरनं फोनवर सांगितलं, की लिलावात जुनी फौजी गाडी घेतलीय आणि ब्रेकचं काम करायचंय, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "गाडी हिकडं आणता येते का?"

"न्हाई भाऊ. क्रेननं आणून शेतात ठेवलीय. तुमालाच यावं लागतंय."

मग मार्चमधल्या एका सकाळी नवा मास्टर सिलिंडर, तांब्याच्या नळ्या आणि ब्रेक ऑइलचे डबे मोटारसायकलच्या मागं बांधून तो निघाला. हळद शिजवायचे दिवस होते. शिवाराशिवारात कढया आणि टाक्या पेटल्या होत्या, आणि त्या वाफेचा ओला, मातकट वास अख्ख्या रस्त्यावर पसरला होता.

गाडी सोमेश्वरच्या बांधावर चिंचेखाली उभी होती. उंच, थोराड, हिरवा रंग पार उडालेला. पण चाकं, सांगाडा, इंजिन सगळं दणकट. मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना बसायच्या लाकडी फळ्या तशाच होत्या. बसून बसून गुळगुळीत झालेल्या.

"ब्रेक मीच बदलायला लावले," सोमेश्वरची बायको प्रियंका म्हणाली. "उद्यापासून हळद काढायला आठ-धा बाया मागं बसून येणार. ह्यायला म्हणलं, आदी ब्रेक, मग गाडी."

"बराबर बोलल्या ताई," विजयकुमार म्हणाला. "जुन्यात चारी चाकांला एकच लाईन ऱ्हाती. एक नळी फुटली की पायडल तळाला टेकतं, अन् गाडी काही थांबत न्हाई. आता पुढची लाईन येगळी, मागची येगळी. एक गेली तरी दुसरी धरती."

जुनी नळी सोडवायला तो खाली शिरला, आणि मागच्या आसाजवळ थबकला. नळी तिथं उभी चिरलेली होती. त्या चिरेवर फौजी हिरव्या कापडाची पट्टी करकचून गुंडाळलेली होती. पट्टी म्हणजे शर्टाची बाही. मनगटाचं बटण अजून लावलेलं. नीट दुरुस्ती करताना कुणी असं बांधत नाही, हे कुठल्याही मेकॅनिकला कळतं. हे घाईत बांधलेलं होतं. दुसरं काहीच हाताशी नसताना बांधलेलं. त्यानं ती नळी कापून बाजूला टाकली आणि कामाला लागला.

दुपारी एकपर्यंत दोन्ही लाईनी जोडून झाल्या. आता राहिली नळ्यांतली हवा काढायची. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळ निपल उघडून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत घ्यायचं. सोमेश्वर वर बसला. विजयकुमार खाली आडवा झाला.

"दाब."

"दाबलं भाऊ."

"धर… सोड."

मागचं एक चाक झालं. ऊन टळटळीत होतं. चिंचेवरचे पक्षीसुद्धा गप्प झाले होते. तो दुसऱ्या चाकाशी सरकला. "दाब," म्हणाला.

वरून आवाज आला, "दबाया, साब."

सोमेश्वर गंमत करतोय असं त्याला वाटलं. फौजी गाडीत बसल्यावर पोराला हिंदी सुचली. आवाज जरा बसलेला होता, तहान लागल्यासारखा. पण पाय मात्र पक्का होता. पायडल जिथं धरलं तिथं तसूभर हलत नव्हतं. तेल सरळ येत होतं. दुसरं चाक झालं, तिसरं झालं. चौथ्या चाकाचं निपल तो उघडत होता, तेव्हा वरून हळूच विचारणा झाली.

"साब… पीछे कितने बैठे हैं?"

विजयकुमार हसला. "कोई नही बैठा. खाली है."

बाटलीत एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"गिनके देखो, साब…"

त्या बोलण्यात गंमत नव्हती. निपल बंद करून तो पाठीवरच पुढं सरकला आणि उघड्या दारातून वर बघितलं. पायडल खालपर्यंत दाबलेलं होतं. त्यावर पाय नव्हता. बघता बघता ते सावकाश वर आलं आणि आपल्या जागी थांबलं.

"भाऊ, कुणाशी बोलून राहिले तुमी?" प्रियंका चहा घेऊन उभी होती. "हे तर कवाचे हिरीकडं गेले. लाईट आली म्हणून मोटर चालू कराया पळाले. तुमाला सांगितलं न्हाई का?"

सोमेश्वर गुडघ्यापर्यंत भिजलेला, बांधावरून येत होता. "माफ करा भाऊ, दोनच तास लाईट ऱ्हाते. बसू का परत?"

"न्हाई," विजयकुमार म्हणाला. त्यानं बाटलीला झाकण लावलं. "झालं सगळं."

सांगायचं ते ओठापर्यंत आलं होतं. पण काय सांगणार? हवा निघाली होती, पायडल दगडासारखं घट्ट झालं होतं, काम चोख झालं होतं. त्याच्या डोक्यात फक्त उद्याच्या बाया आल्या. तो म्हणाला, "आधी मी चालवून बघतो. मागं कुणी बसायचं न्हाई."

सोमेश्वर शेजारी बसला. शेतातून डांबरी रस्त्याला लागेस्तोवर विजयकुमारच्या लक्षात आलं. ब्रेक लागत होते, चारी चाकं सारखी धरत होती, पण गाडी थांबायला वेळ घेत होती. रिकामी गाडी असं करत नाही. दाबलं की मागून एक रेटा येत होता. भरल्या गाडीत माणसं पुढं कलंडतात तसा. त्यानं पाठीमागच्या लहान खिडकीतून बघितलं. दोन फळ्या, मधी ऊन.

"काय बघून राहिले, भाऊ?"

"वजन करू एकदा," तो म्हणाला.

पुढं रस्त्याकडेलाच वजनकाटा होता. काट्यावर संतोष नावाचा ओळखीचा माणूस बसायचा. गाडी काट्यावर उभी करून दोघं उतरले आणि खोलीत गेले. लाल आकडे थरथरून स्थिरावले. सहा हजार एकशे पन्नास.

सोमेश्वरनं खिशातून कागद काढला. "कागदावर तर पाच हजार दोनशे चाळीस हाय."

"डिझेल किती?" संतोषनं विचारलं.

"वीस लिटर असंल."

"मग नऊशे किलो कशाचे हो? काटा परवाच तपासला." संतोष उठून हौदा बघून आला. "काईच न्हाई की."

नऊशे दहा किलो. विजयकुमारनं मनातल्या मनात भागाकार केला. तेरा-चौदा माणसं. गणवेशासकट.

तो बाहेर आला. गाडीच्या मागं जाऊन त्यानं फळका सोडला. सोमेश्वर दारात उभा राहून बघत होता, त्याची लाज वाटत होती. तरी तो दबक्या आवाजात म्हणाला, "उतर जाइए… सब लोग. गाडी रुक गयी है. उतर जाइए."

काही हललं नाही. मग मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांनी आवाज केला. कुरकुर… थांबून परत कुरकुर… एकेक करून. आणि गाडीचा मागचा भाग वीतभर वर आला.

विजयकुमार धावत जाऊन वर बसला. गाडी काट्यावरून खाली घेतली. ती आता कागदासारखी हलकी झाली होती. पायाचं बोट लावलं तरी जागच्या जागी थांबली. त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. सुटलो, असं त्याला वाटलं. उद्या त्या बाया सुखरूप येतील, सुखरूप जातील.

"भाऊ!" खोलीतून संतोषनं हाक मारली. "हितं या जरा. शून्य होईना."

काट्यावर काहीच नव्हतं. उन्हात तापलेला लोखंडी पत्रा, बस. खोलीत लाल आकडे जळत होते. नऊशे दहा. संतोष बटण दाबत होता, तार काढून लावत होता. "बिघडला वाटतं…"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. हळदीची चार पोती आणि पाच-सहा बाया घेऊन एक पिकअप काट्यावर चढली. विजयकुमार ओरडत बाहेर पळाला, "थांबा! घेऊ नका! माघारी घ्या!" पिकअपच्या ड्रायव्हरला वाटलं काटा बंद आहे. त्यानं हात हलवला, "ऱ्हाऊ द्या, पुढच्या काट्यावर करतो," म्हणाला, आणि क्षणभरच थांबून काट्यावरून उतरून रस्त्याला लागला.

खोलीतून संतोष म्हणाला, "हां, झाला बघा शून्य."

विजयकुमार रस्त्यापर्यंत धावला. पिकअप मागून पार दबली होती. चाकं पत्र्याला घासत होती. त्यानंच सांगितलं होतं त्यांना उतरायला. उतरून कुठं जायचं, ते सांगितलं नव्हतं. तो हात हलवत, ओरडत राहिला. मागं बसलेल्या बायांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या आपसांत बोलत होत्या, हसत होत्या, आणि बोलता बोलताच एकेकीनं पदर आवरून घेतला, पोत्याला टेकून आत सरकून घेतलं, आणि गर्दीच्या गाडीत नव्यानं चढलेल्यांना देतात तशी, बसायला जागा करून दिली.