बहिरे उंदीर

"बाई, आज संध्याकाळी माझ्या बायकोला तिच्या संशोधन संस्थेतून काढून टाकणार आहेत. त्याआधी काही केलं नाहीत, तर ती हातची जाईल."

तोमिझावा खुर्चीच्या कडेवर बसला होता. खासगी शोधिका इसोगाई रित्सुने पुढे केलेला चहा तसाच राहिला.

"साएको खोलीला कडी घालून बसलीय. सासूबाईंना दाराशी बसवून आलोय. सगळे तिला खोटारडी म्हणतात."

"काय झालं ते नीट सांगा," रित्सु म्हणाली.

"मी फरशा बसवणारा माणूस. पण हे तिने मला शंभरदा सांगितलंय. पेशीवर पहारेकरी असतात. त्यांचं बाहेरचं तोंड जंतू ओळखतं, ते प्रत्येकाचं वेगळं. आतलं शेपूट पेशीला निरोप देतं, ते सगळ्यांचं जवळजवळ सारखं. माशीत, उंदरात, तुमच्या-माझ्यातही. शेपूट म्हणजे मण्यांची माळ समजा. तिने एका पहारेकऱ्याच्या शेपटातला एकच मणी बदलला. आता जंतूंचं विष टोचलं तरी निरोप जात नाही. शरीर पेटून उठत नाही, उंदीर जगतो. बहिरे उंदीर म्हणते ती त्यांना."

"मग?"

"परवा टोक्योच्या पाहुण्यांसमोर सगळे मेले."

रित्सुचा सोबती बेप्पू, निवृत्त हवालदार, हळूच म्हणाला, "कुणीतरी उंदीर बदलले. सोपं आहे."

ओसाकाच्या टेकडीवरच्या त्या संस्थेत साएकोचा सहकारी नागुमो भेटला.

"या! मीच बदलले ना उंदीर? तिची जागा मला हवी आहे, हे खरंय. पण मेल्यावर उंदरांच्या शेपट्या तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. मण्याचा बदल आहे. उंदीर तिचेच."

बेप्पूचं तोंड उतरलं.

"विष कोणतं होतं?" रित्सुने विचारलं.

"एरवी ती विकतचं वापरायची, शुद्ध केलेलं. परवाचं मात्र आमच्या प्रमुखांनी, उकाई सेन्सेईंनी, स्वतः काढलेलं. मोठ्या दिवशी इथे सेन्सेईंचीच बाटली उघडतात. त्यांना नको कोण म्हणणार? तुम्ही म्हणून बघा."

"आदल्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"सप्पोरोला. प्रयोगात मेलेल्या उंदरांचा स्मरणदिन होता त्या दिवशी, त्यालाही नव्हतो."

इमारतीमागे स्मरणशिळेवर शेवंतीची फुलं सुकत होती. उंदीर सांभाळणारे शिराकीआजोबा ती वेचत होते.

"सगळ्यांसाठी एक मोठा गुच्छ असतो," ते म्हणाले. "यंदा तिसऱ्या पिंजऱ्यासाठी मी वेगळं फूल ठेवलं. त्या उंदरांत साएकोबाईंचा तो पहारेकरी मुळातच नव्हता. पाहुण्यांना तेही दाखवायचे होते. पण आदल्या सकाळीच मेलेले सापडले. सेन्सेई म्हणाले, रोग आलाय, जाळून टाका. पाहुण्यांना सांगू नका."

"मग आम्हाला कसं सांगितलंत?" बेप्पूने विचारलं.

"तुम्ही कुठले पाहुणे? चहासुद्धा विचारला नाही कुणी तुम्हाला."

उकाई सेन्सेई ताठ बसले होते. समोर साएकोला काढून टाकण्याचा कागद होता.

"ते विष दुसराच पहारेकरी ओळखतो, हे मी तरुणपणी दाखवलं. अख्खं आयुष्य त्यावर उभं आहे. आणि ही पोरगी एक मणी बदलून मला शिकवते! अहो, ज्यांच्यात तिचा तो पहारेकरी नाहीच, तेसुद्धा माझ्या विषाने मरतात!"

रित्सुने दार उघडून बाहेर थांबलेल्या तोमिझावा आणि नागुमो यांना आत घेतलं.

"नागुमो-सान, सेन्सेईंचं विष पहारेकरी नसलेल्या उंदरांना कधी टोचलं होतं?"

"कधीच नाही. परवा पहिल्यांदा टोचणार होतो."

"म्हणजे ते या विषाने मरतात, हे फक्त टोचणाऱ्यालाच माहीत. तिसरा पिंजरा रोगाने मेला नाही. सेन्सेई, तुम्ही गुपचूप करून पाहिलंत."

"पण बाई, मेले तर सेन्सेईंचंच खरं ना?" बेप्पू म्हणाला.

"उलट. साएकोच्या शुद्ध विषाने बहिरे उंदीर जगत होते. उंदीर तेच, मग वेगळं काय? बाटली. सेन्सेईंच्या विषात जंतूंच्या कवचाचे दुसरे तुकडे मिसळलेले असणार. त्यांना ओळखतो दुसरा पहारेकरी. त्याचं तोंड वेगळं, पण शेपूट तसंच, आणि ते साएकोने बदललेलं नाही. निरोप तिथून गेला. सेन्सेईंनी तरुणपणी पाहिला तो या मळाचाच परिणाम. तिसरा पिंजरा पाहुण्यांसमोर मेला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, बाटलीत आहे तरी काय? म्हणून तो आधीच जाळला. आणि तीच बाटली साएकोच्या हातात दिली."

नागुमो खाली बघत म्हणाला, "गाळून पाहता येईल, सेन्सेई. आजच."

"नको." उकाईंनी मान हलवली. "तो पिंजरा मेला तेव्हाच मला कळलं. ती बरोबर असेल, तर मी एवढी वर्षं काय केलं?"

त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीमागे सगळं लिहून सही केली.

तोमिझावा घराचा जिना धावत चढला. रित्सु आणि बेप्पू मागे होते. त्याने दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. सासूबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"साएको, ऐकतेस ना? त्यांनी स्वतः लिहून दिलंय."

अगदी दाराजवळून आवाज आला.

"सेन्सेईंजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. नागुमोलाही बाहेर घालवलं. एकटेच बसलेत."

कडी निघाली. साएको दारात उभी होती, पायात चपलाही नव्हत्या.

"त्यांना एकटं कसं सोडलंत?" ती म्हणाली.

बेप्पू केव्हाच जिना उतरायला लागला होता.